आगोटीत उतरवलेला फ्लेक्स

आमच्या आणि हलीमाभाभींच्या घरामागच्या परड्यांच्या मधे जांभ्या दगडाचा एक गडगा आहे. छातीएवढा उंच, वरून सपाट. अकरा महिने त्याच्यावर मांजरं बसतात आणि मे महिन्यात आमसुलं. काल सकाळी ब्रश तोंडात घालून मागीलदारी गेलो तर गडगाभर रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं पसरलेली, आणि पलीकडून भाभींचा आवाज, "सर, त्या कावळ्याला हाकला जरा, माझे हात भरलेत." म्हटलं, आली आगोट.

आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावरचे आमचे चार-पाच आठवडे. घाटावरच्या माणसाला हे प्रकरण सांगून कळत नाही. त्याला वाटतं, पाऊस म्हणजे भजी. आमच्याकडे एकदा तो लागला की चार महिने काही वाळत नाही, काही मिळत नाही, म्हणून जे लागणार ते सगळं आधीच घरात यायला हवं. सुके बोंबील, सोडे, कांदे, सरपण, पापड, फणसाच्या आठळ्या. कौलं चाळून घ्यायची, पडवीला माडाची झापं बांधायची, बंदरात होड्या वर ओढून झाकायच्या. सुक्या मासळीचा वास, उतरत्या आंब्याचा वास आणि नव्या ताडपत्रीचा वास, तिन्ही एकदम नाकात जातात. या दिवसांत आमच्या आळीतून रिकाम्या हातानं चालणारा माणूस म्हणजे एक तर पाहुणा, नाहीतर मी.

मला आगोट फार आवडायची. गेल्या वर्षापासून मात्र रातांब्यांचा आंबट वास नकोसा होतो. का ते सांगतो, पण आधी एक कबुली. या लेखात मी जिला रेहाना म्हणणार आहे तिचं नाव रेहाना नाही. ती ज्या देशात काम करते त्याचं नाव मी लिहिणार नाही. भाभींचं नाव बदललं आहे, आळीचा पत्ता देत नाही, आणखीही दोन-चार गोष्टी मुद्दाम फिरवल्या आहेत. गडगा तेवढा खरा आहे. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांत ‘मोघम लिहू नका, नाव-गाव-ठिकाण लिहा’ असे लाल शेरे मारले, आणि आता म्हातारपणी स्वतः मोघम लिहायला शिकतो आहे. आळीतलं कुणी माझं लेखन वाचत नाही, याचा आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग होतो आहे.

तर रेहाना. भाभींची धाकटी. वडील जहाजावर होते, आता नाहीत. दहावीला मराठीला मी होतो. निबंध लिहायला दिला की दीड पानात संपवायची. मी म्हणायचो, "अगो, जरा फुलव की!" तर म्हणायची, "सर, संपलं सांगायचं." पुढे नर्सिंग केलंन, कुवेतला मोठ्या इस्पितळात लागली. आमच्याकडे आखातात जाणं म्हणजे विशेष काही नव्हे, दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी तिकडे असतंच. पण चार वर्षांपूर्वी ती थंडगार नोकरी सोडलीन आणि एका मदतसंस्थेबरोबर लढाई चाललेल्या मुलखात गेली. भाभी तेव्हा आठ दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस गडग्यापाशी येऊन म्हणाल्या, "सर, पोर म्हणते, तिथं नर्स नायत. मी काय बोलू? नर्स नायत तर नायत."

मागे एकदा रजेवर आली होती तेव्हा मी विचारलं होतं, तिथे नेमकं काय करतेस? पडवीत बसून सोडे निवडत होती. म्हणाली, पीठ, सलाईन, रक्ताच्या पिशव्या, बाळंतिणींची औषधं, सगळं आधी एका गोदामात साठवायचं आणि रस्ता उघडा आहे तोवर आतल्या गावांत पोचवायचं. "आमचीपण आगोटच असते, सर. फक्त वरून काय पडेल ते सांगता येत नाही." आणि हसली. मला तेव्हा ते वाक्य इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून ठेवलं. त्यातलं भय मला कळलंच नव्हतं. आम्हा मराठीच्या मास्तरांचं असंच होतं, वाक्य चांगलं निघालं की अर्थाकडे दुर्लक्ष.

गेल्या वर्षी याच दिवसांत विलास आला. विलास आमच्या आळीच्या मित्रमंडळाचा अध्यक्ष, तहहयात. म्हणाला, "सर, दहावीत साठ टक्के पडले तरी आपण फ्लेक्स लावतो. बारशाचा लावतो. आणि ही पोर एवढं मोठं काम करत्ये तर तिचा नाय?" मला एकदम पटलं. खरं तर लाज वाटली, हे मला कसं सुचलं नाही म्हणून. मजकूर अर्थातच माझ्याकडे आला.

काय लिहिला म्हणता! ‘रत्नभूमीची रणरागिणी’ पासून सुरुवात. मग तिचं पूर्ण नाव. देश. देशातलं शहर. शहरातलं इस्पितळ. तपशिलानं मजकुराला वजन येतं, हे मीच शिकवत आलो. फोटो भाभींच्या मोबाइलमध्ये होता. पांढऱ्या गाडीला टेकून रेहाना उभी, अंगात संस्थेचं जाकीट, आणि शेजारी तिचा ड्रायव्हर, तिथलाच माणूस, चाळिशीचा, हातात थर्मास, पुढचा एक दात पडलेला आणि तरी तोंडभर हसणारा. भाभी म्हणाल्या, "रेहानाला विचारू काय?" मी म्हटलं, "अहो, तिला सरप्राइज देऊ." छापणारा म्हणाला, या माणसाला कापून टाकतो, बाईंचा फोटो मोठा येईल. आणि मी, मी म्हणालो, "नाही. कष्टकऱ्याचाही मान राहिला पाहिजे." या वाक्याचा मला दोन दिवस अभिमान होता.

फ्लेक्स दहा फुटी झाला. नाक्यावर, विजेच्या दोन खांबांना बांधून. बाजारात सुकं घ्यायला जाणाऱ्या बायका थांबून वाचायच्या. एक जुना विद्यार्थी मंडणगडला एसटीत आहे, त्यानं फोन करून सांगितलं, सर, तुमचा मजकूर इथपर्यंत आला. विलासनं तो फेसबुकवर टाकला होता, आणि त्याच्या आखातातल्या भाच्यानं तिथे पुढे पाठवला, ‘आमच्या गावची ताई’ म्हणून. मी दिवसातून दोनदा काही ना काही निमित्त काढून नाक्यावर जात होतो. बायको म्हणाली, "मीठ आणायला एवढं हसत कोण जातं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी भाभी परड्यातून धावत आल्या. एका हाताला रातांब्यांचा रस कोपरापर्यंत लागलेला, दुसऱ्यात मोबाइल लांब धरलेला. "सर, तुमच्याशीच बोलायचंय म्हणते." पडद्यावर रेहाना होती. ना नमस्कार, ना कसे आहात. "सर, तो फ्लेक्स उतरवा. आत्ता. फोन चालू ठेवा, उतरवलेला मला दिसला पाहिजे."

मी आणि विलास तसेच धावलो. दोऱ्या काही केल्या सुटेनात, शेवटी कोयतीनं कापल्या. भरदुपारी, सगळा बाजार बघतोय, आणि मी शिडीवर. खाली भाभी मोबाइल वर करून उभ्या. फ्लेक्स खाली आला तेव्हा त्या माणसाचा हसरा चेहरा रस्त्यावर उलटा पडला. मग रेहानानं फोनवरूनच एकेकाकडून फेसबुकवरचं काढून घेतलंन. विलासच्या भाच्याकडून सगळ्यात शेवटी.

मग आम्ही घरी येऊन बसल्यावर तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, वर्गात उत्तर द्यावं तसं सांगितलं. त्यांची गाडी निघायच्या आधी तिचा नंबर, रंग, वेळ, रस्ता, दोन्ही बाजूंच्या सैन्यांना लेखी कळवतात. टपावर भली मोठी खूण रंगवलेली, आकाशातून दिसावी म्हणून. गाडीत हत्यार नाही. कुणाचीही चौकी आली की काच खाली, दिवा चालू, हात वर. सगळ्यांना सांगून जायचं हेच त्यांचं चिलखत. "पण गाडीचं सांगतात, सर. माणसाचं नाही. मी परदेशी आहे, मला काही झालं तर निदान बातमी होईल. तो तिथलाच आहे. त्याचं घर दुसऱ्या बाजूच्या मुलखात आहे. गावात त्यानं सांगितलंय, बेकरीत कामाला आहे. परदेशी लोकांकडे काम करणाऱ्याला चौकीवर उतरवून घेतात आणि तो परत येत नाही." आखातातल्या भाच्याच्या खोलीत त्या देशाचे चार कामगार होते. त्यांतला एक ड्रायव्हरच्याच गावचा निघाला. त्यानं फोटोतला माणूस ओळखला आणि कौतुकानंच घरी कळवलं. तोही आमच्यासारखाच, भला माणूस.

"त्याची बायको आणि तीन मुली गावात आहेत," ती म्हणाली. "आता त्यांना बाहेर काढायचंय." मी काहीतरी पुटपुटलो, बेटा, मला माहीत नव्हतं. "तुम्ही वाईट मनानं नाही केलंत, सर. पण केलंत."

आता मी कानकोंडा होणारा माणूस नव्हे. चाळीस पोरांसमोर चूक निघाली तर ‘बघू कुणाच्या लक्षात येतंय’ म्हणून सावरून नेणारा. पण त्या दुपारनंतर जी आगोट सुरू झाली तिच्यात मला सावरता आलं नाही. बायकोनं पोह्याचे पापड वाळत घातले, मी राखणीला बसलो आणि कावळ्यानं समोरून चार नेले, दिसलं नाही. रोज सकाळी गडग्यापाशी जायचो. पलीकडे भाभी सालं रसात बुडवून पुन्हा पसरत असायच्या. आमसूल असंच होतं, बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, घाई केली की बुरशी धरते. "भाभी, काही कळलं?" "नाय." एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "नाय." मी म्हणायचो, माझ्यावर रागवा तरी. त्या म्हणायच्या, "फोटो मीच दिला ना, सर? तुम्ही काय चोरलात?"

भाभी नमाजाच्या पाचही वेळा त्याच्यासाठी दुवा मागत होत्या. नाव माहीत नव्हतं, कारण रेहानानं कधी सांगितलं नाही, सांगणारही नव्हती. म्हणायच्या, अल्ला, तो थर्मासवाला. माझी बायको तशी देवाधर्माची फार नाही, पण संध्याकाळी दिवा लावताना तीही ओठांतल्या ओठांत म्हणायची, थर्मासवाल्याच्या पोरींना सांभाळ. दोन घरांतले देव बिनानावाच्या माणसाला शोधत असणार. मला हसू यायचं आणि लगेच रडू यायचं.

अठरा दिवस गेले. बंदरातल्या होड्या झाकून झाल्या, आमची झापं बांधून झाली, भाभींची आमसुलं बरणीत गेली. मग एका सकाळी भाभी गडग्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या दिसल्या. मोबाइल पुढे केला. रेहानाचा निरोप, तिच्या नेहमीच्या निबंधाएवढाच. ‘पोचले सगळे. मुलीपण.’ मी मांजराला हाकलून गडग्यावर डोकं टेकलं.

त्याला दुसऱ्या शहरातल्या गोदामात काम दिलं, असं पुढे कळलं. रस्त्यावर पुन्हा गाडी चालवणं त्याला शक्य नव्हतं, चेहरा उघडा पडला होता. मी म्हटलं, सुटलो. वर्षभर मी स्वतःला हेच सांगत होतो, चुकलो, पण निस्तरलं. चुकीला मधे शेवट देऊन टाकायची घाई असते माणसाला.

यंदा रेहाना आली. या मे महिन्यात, पंधरा दिवसांसाठी. बारीक झाली आहे, कानशिलाशी पांढरे केस. दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर घेऊन दारात. "सर, बसा मागे. आरे-वारेला जाऊन येऊ." माझ्या वयाला स्कूटरवर मागे बसणं म्हणजे अब्रूचा प्रश्न, पण बसलो. बायको म्हणाली, घट्ट धरा, नाहीतर उतारावर राहाल.

घाटीच्या वर थांबलो. खाली एका बाजूला एक किनारा, दुसऱ्या बाजूला दुसरा, मधे डोंगराचं नाक. पाणी स्वच्छ निळं, सुट्टीची गर्दी, भेळवाले, उंटावरची पोरं. खाली वाळूत कुणा नवरानवरीचं लग्नाआधीचं शूटिंग चाललं होतं. ती खिशातून शेंगदाणे काढून मला देत होती, एवढ्यात त्यांचा ड्रोन वर आला. गुणगुणत आमच्या डोक्यावरून गेला. मी मान वर करून बघितलं आणि खाली बघतो तर रेहाना शेजारी नाही. ती दहा पावलांवर सुरूच्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभी होती, डोळे मिटून, दोन्ही हात उघडे, पंजे दिसतील असे. ड्रोन गेल्यावर परत आली. उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवलेन.

मग म्हणाली, "सर, थर्मासवाल्याच्या जागी दुसरे एक काका आले होते. पन्नाशीचे. आधी शाळेत गणित शिकवायचे. शाळा पडली, मग गाडी चालवायला लागले. मागे चाललेल्या गाडीत मी असायचे." "फेब्रुवारीत त्यांच्या गाडीवर वरून टाकलं. दिवसाढवळ्या. टपावर खूण होती. रस्ता, वेळ, नंबर, सगळं दोन्हीकडे कळवलेलं होतं. पोच आली होती आमच्याकडे."

माझ्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं आणि ते तोंडातून बाहेर पडलं. "म्हणजे मी फ्लेक्स लावला नसता तर ते त्या गाडीत नसते."

ती माझ्याकडे वळली आणि वर्षभरापूर्वी फोनवर जी चिडली नव्हती ती आता चिडली. "नका ना असं करू, सर! तिथंपण सगळे हेच करतात. रस्ता मी निवडला, वेळ मी ठरवली, मी त्यांना त्या दिवशी रजा दिली असती तर. आम्ही सगळे आपापल्या वाटणीचा गुन्हा घेऊन बसतो. ज्यानं टाकलं त्याला वाचता येत होतं, सर. त्याच्या टेबलावर आमचं पत्र होतं. तुम्ही सगळा दोष स्वतःकडे घेतलात तर त्याला कोण विचारणार?"

जगात या लोकांसाठी कायदे आहेत म्हणे, त्यांच्यावर हात उचलायचा नाही असं सगळ्यांनी लिहून दिलेलं आहे. लिहिलेल्यावर माझा आयुष्यभर विश्वास. मजकूर नीट असला की माणूस नीट वागेल, असं मला कुठेतरी वाटत होतं. पण मेलेल्या मास्तरासाठी चार आपली माणसं छाती बडवून घेतात आणि टाकणारा दुसऱ्या दिवशी पुढचं पत्र वाचतो. त्याला रोज, नाव घेऊन, मोठ्यानं विचारलं पाहिजे. आणि जे अजून त्या रस्त्यावर आहेत त्यांचं नाव मात्र कुणी घेता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या, हे मला या वयात शिकायचं आहे.

परत येताना उतारावर विचारलं, "पुन्हा जाणार?" वाऱ्यामुळे मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही. मग म्हणाली, "पाऊस लागायच्या आधी. आतल्या गावांत बाळंतिणी आहेत." एवढंच. पुढे फुलवलं नाही.

परवा ती गेली. सकाळच्या गाडीनं, एक बॅग, एक आमसुलांचा डबा. भाभी दारात उभ्या राहिल्या, रडल्या नाहीत, आत गेल्या आणि रातांबे फोडायला बसल्या.

आणि आज सकाळी विलास आला. मी गडग्यापाशीच होतो, पलीकडे भाभी सालं उलटत होत्या. म्हणाला, "सर, ती आली होती म्हणे. फ्लेक्स नको तर नको, पण मंडळातर्फे छोटासा सत्कार करू या की. शाल, श्रीफळ. तिथंच आहे ना अजून, त्या लढाईत?"

विलास चांगला माणूस आहे. त्याच्या पोटात काही राहत नाही, हेच वाईट. त्याचा भाचा अजून त्याच खोलीत राहतो, त्याच चार माणसांबरोबर. मी कावळ्याला दगड मारल्यासारखं केलं.

"नाही रे," म्हटलं, "सोडलंन ते. आता मस्कतला आहे, कुठल्याशा त्वचेच्या दवाखान्यात."

विलासचा चेहरा पडला. "सोडलंन? अरेरे. मग आता सत्कार कसला करायचा!" थोडा घुटमळला. "मी तेव्हाच म्हटलं होतं सर, बायकामाणसाचं काम नव्हे ते. टिकायची नाय."

माझा हात शिवशिवला. पस्तीस वर्षांत मी याहून बारीक कारणावरून पोरांच्या कानाखाली दिल्या आहेत. जिभेवर ती गाडी होती, टपावरची खूण होती, गणिताचे ते मास्तर होते, सुरूच्या झाडाला पाठ लावलेली ती होती. पलीकडे भाभींचे हात थांबले होते.

"हो ना," मी म्हणालो. "घाबरली पोर."

विलास मान हलवत गेला. भाभींनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग पुढचं साल उचलून उन्हाकडे उलटं केलं.